घरची दुरुस्ती आणि नवी आवृत्ति

मुंबईच्या उपनगरांत लिनक्सचा संचार आतां नवा राहिलेला नाहीं. जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र ही संस्था पुढें सी-डॅकमध्यें विलीन झाली. परंतु त्यापूर्वीं लिनक्सला देवनागरी आणि इतर भारतीय लिपि उमगाव्यात म्हणून 'इंडिक्स' या नांवानें तेथें काम झालें होतें. पवईच्या आय.आय.टी.तील 'फॉसी' या प्रकल्पानें मुक्त सॉफ्टवेअर महाविद्यालयांपर्यंत नेलें. तथापि या भाषणाचा विषय या मोठ्या संस्था नव्हेत. अंधेरीच्या एखाद्या हिशेबतपासनिसाच्या कचेरींत कपाटावर ठेवलेलें, सर्वांचे कागद सांभाळणारें जुनें यंत्र. मुलुंडच्या एखाद्या शिकवणीच्या वर्गांतील आठ-दहा संगणक. घाटकोपरच्या अक्षरजुळणीच्या दुकानांतील एकुलता एक. अशा ठिकाणीं वर्षांतून एक-दोन वेळां जो प्रश्न उभा राहतो, त्याचा हा विचार आहे.

प्रश्न असा. यंत्राचें अपडेट चाललेलें असतें. पडद्यावरून ओळींमागून ओळी धांवत असतात, आणि मध्येंच सारें थांबतें. यंत्र सांगतें कीं, अमुक फाईल बसविल्यानंतर कोणीतरी बदललेली आहे. इकडे पॅकेज तयार करणाऱ्यांनींही तिची नवी आवृत्ति पाठविली आहे. आतां कोणती ठेवावी? खालीं चार-पांच इंग्रजी अक्षरें दिलेलीं असतात व त्यांतील एक दाबावयाचें असतें. रात्रीं साडेदहा वाजतां, सकाळपूर्वीं यंत्र सुरू झालेंच पाहिजे अशा घाईंत, बहुतेक माणसें जें अक्षर आधीं दिसेल तें दाबतात. त्यांनीं कशाला होकार दिला हें त्यांना पुढें कित्येक महिन्यांनीं, आणि तेंही भलत्याच प्रसंगीं, कळतें.

लिनक्समध्यें कार्यक्रम एका ठिकाणीं असतात आणि त्यांनीं कसें वागावें याच्या सूचना दुसऱ्या ठिकाणीं. या सूचना साध्या मजकुराच्या फाईलींत लिहिलेल्या असतात. त्यांना कॉन्फिग फाईल म्हणतात, आणि त्यांचें मुख्य ठाणें '/इटीसी' नांवाच्या डिरेक्टरींत असतें. कार्यक्रम सर्वस्वीं करणाऱ्याचा असतो. घरच्या माणसानें त्याला हात लावावयाचा नसतो. पत्रें आणि कागदपत्रें सर्वस्वीं घरच्या माणसाचीं असतात. करणारा त्यांकडे पाहत नाहीं. कॉन्फिग फाईल मात्र दोघांची असते. तिचा पहिला मसुदा करणाऱ्यानें लिहिलेला असतो, आणि त्यावर घरच्या माणसानें आपल्या सोयीच्या चार ओळी लिहिलेल्या असतात. एकाच कागदावर दोन हस्ताक्षरें असलीं म्हणजे त्या कागदाची नवी प्रत कोणी काढावी, हा वाद संसारांतही होतोच.

डेबियन ही प्रणाली इयान मरडॉक यांनीं १९९३ सालीं सुरू केली. आज घरोघर आढळणारें उबुंटू हें तिच्यापासूनच निघालेलें आहे. या वादाचा निवाडा डेबियनच्या लोकांनीं नियमांत लिहून ठेवला आहे: घरच्या माणसानें केलेला बदल अपडेटच्या वेळीं राखलाच पाहिजे. हा नियम पाळण्याची त्यांची युक्ति पाहण्याजोगी आहे. पॅकेज बसतें तेव्हां 'डीपीकेजी' हा कार्यक्रम प्रत्येक कॉन्फिग फाईलीच्या मजकुरावरून ३२ चिन्हांची एक खूण काढून टिपून ठेवतो. मजकुरांत एक स्वल्पविराम बदलला तरी खूण बदलते. पुढें नवी आवृत्ति आली म्हणजे तो तीन खुणा समोर मांडतो: मूळ फाईलीची, आज यंत्रावर असलेल्या फाईलीची आणि नव्यानें आलेल्या फाईलीची. घरच्या माणसानें कांहींच बदललें नसेल तर नवी फाईल मुकाट्यानें बसते. घरच्यानें बदललें, पण करणाऱ्यानें कांहीं बदललें नाहीं, तर घरची मुकाट्यानें राहते. दोघांनींही बदललें असेल तरच प्रश्न विचारला जातो. इतकेंच नव्हे, तर घरच्या माणसानें एखादी कॉन्फिग फाईल मुद्दाम पुसून टाकली असेल, तर ती पुसणें हाही त्याचा बदलच समजून डीपीकेजी तिला परत आणून बसवीत नाहीं. पोराटोरांच्या हातचीं यंत्रें बनविणाऱ्या कित्येक नामांकित कंपन्यांना एवढी अदब सुचलेली नाहीं.

या अदबशीर प्रश्नाला उत्तर न देतां नुसतें 'एंटर' दाबलें तर जुनी, म्हणजे घरची, फाईल राहते आणि नवी आलेली 'डीपीकेजी-डिस्ट' असें शेपूट लावून शेजारीं ठेवली जाते. उलट नवी घेतली तर घरची फाईल 'डीपीकेजी-ओल्ड' या शेपटानें बाजूला पडते. म्हणजे कोणतेंही अक्षर दाबलें तरी मजकूर नष्ट होत नाहीं. ही गोष्ट ज्याला ठाऊक आहे त्याची निम्मी भीति तेथेंच जाते.

उरलेली निम्मी मात्र रास्त आहे, कारण दोन्ही उत्तरें डोळे मिटून दिलीं तर चुकतात.

नवी फाईल डोळे मिटून घेतली तर काय होतें, हें सांगावयास फार शब्द नकोत. अंधेरीच्या त्या कचेरींत 'सांबा' या कार्यक्रमाकरवीं एकच कपाट सहा टेबलांवर उघडत असेल, तर त्या कपाटाचें नांव, तें कोणीं उघडावें आणि कोणीं नुसतें पाहावें, हें सारें एका कॉन्फिग फाईलींत लिहिलेलें असतें. तिच्या जागीं करणाऱ्याची कोरी फाईल आली कीं सकाळीं सहाही टेबलांवरून कपाट नाहींसें होतें. कागद सुरक्षित असतात, परंतु तेथें जाण्याचा रस्ता गेलेला असतो. विवरणपत्रें भरण्याचा शेवटचा दिवस असला तर या भेदाचें समाधान कोणालाही वाटत नाहीं.

जुनी फाईल डोळे मिटून ठेवण्यांतला धोका अधिक खोल आहे, आणि सावध माणसें नेमकीं त्यांतच सांपडतात. 'जें चालतें आहे त्याला हात लावूं नये' हें शहाणपण येथें अर्धेंच खरें ठरतें. कारण फाईल तीच राहिली तरी तिला वाचणारा कार्यक्रम बदललेला असतो. २०१५ सालीं डेबियनची आठवी आवृत्ति आली. तिच्याबरोबर 'अपाची' हा संकेतस्थळें चालविणारा कार्यक्रम २.२ वरून २.४ वर गेला. जुन्या मुख्य फाईलींत 'लॉकफाईल' नांवाची एक सूचना असे. नव्या अपाचीला ती सूचनाच ठाऊक नव्हती. ज्यांनीं जुनी फाईल ठेवली त्यांचें अपाची 'ही आज्ञा समजत नाहीं' एवढें बोलून उठावयास नकार देऊं लागलें. ज्यांनीं नवी घेतली त्यांची तऱ्हा निराळी झाली. नवी फाईल संकेतस्थळांच्या यादींतून फक्त 'डॉट कॉन्फ' असें शेपूट असलेल्या फाईली वाची. जुन्या सवयीनें शेपटावांचून ठेवलेलीं स्थळें तिला दिसलींच नाहींत. अपाची सुरू, तक्रार कांहीं नाहीं, आणि स्थळ मात्र गायब! या दोन रोगांपैकीं पहिला बरा, कारण तो निदान ओरडतो.

आणखी एक उदाहरण कुलुपाचें आहे. दूरवरून यंत्रांत शिरण्यासाठीं 'ओपनएसएसएच' वापरतात. यंत्राच्या सर्वाधिकाऱ्यानें, म्हणजे 'रूट'नें, नुसता पासवर्ड देऊन आंत यावें कीं नाहीं, या सूचनेचें मूळ उत्तर पूर्वीं 'होय' असें होतें. २०१५ सालच्या ७.० या आवृत्तीपासून तें बदलून 'पासवर्डानें नाहीं' असें केलें गेलें. जगभर पासवर्ड चांचपून पाहणाऱ्या यंत्रांचा सुळसुळाट झाला होता. परंतु ज्याच्या फाईलींत 'होय' ही ओळ स्पष्ट लिहिलेली होती आणि ज्यानें प्रत्येक वेळीं जुनीच फाईल ठेवली, त्याचें दार तसेंच उघडें राहिलें. करणाऱ्यानें सुचविलेला शहाणपणा तसाच धूळ खात पडला.

मुंबईकरांना हा झगडा अपरिचित नसावा. १९०६ सालीं भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबई शहरानें तिच्याहून ३९ मिनिटें मागें असलेली आपली 'मुंबई वेळ' सोडली नाहीं. ती १९५५ पर्यंत चालू राहिली. इतकीं वर्षें माणसाला घड्याळ पाहून भागत नसे; तें घड्याळ कोणाच्या मताचें आहे हेंही जाणावें लागे. वेळेचाच विषय निघाला म्हणून सांगावयाचें, संगणकांवरील आपल्या प्रमाणवेळेचें नांव फार दिवस 'एशिया/कलकत्ता' असें होतें. २००८ सालीं तें 'एशिया/कोलकाता' झालें. पण जुनें नांव उपनांव म्हणून चालू ठेवलें, कारण असंख्य कॉन्फिग फाईलींत तें लिहिलेलें होतें. करणाऱ्यानें मनावर घेतलें तर घरच्या माणसाला प्रश्न विचारण्याची पाळीच येत नाहीं, याचा हा चांगला दाखला आहे. सारेच करणारे असे नसतात.

मग उत्तर द्यावें तरी कसें? प्रश्नांतील 'डी' हें अक्षर दाबलें असतां दोन फाईलींतील फरक ओळीओळीनें दिसतो. तो पाहावा, हें खरें. पण त्यांत एक गोम आहे. डीपीकेजीनें मूळ फाईलीची खूणच ठेवलेली असते, मजकूर नव्हे. म्हणून तो घरची प्रत आणि नवी प्रत या दोहोंचाच फरक दाखवूं शकतो. एखादी ओळ नव्या प्रतींत आहे आणि घरच्या प्रतींत नाहीं, एवढें दिसतें. परंतु ती करणाऱ्यानें नव्यानें घातली कीं घरच्या माणसानें पूर्वीं काढून टाकली होती, हें त्यावरून कळत नाहीं. वरवर सारखेच दिसणारे हे दोन फरक अर्थानें अगदीं उलट आहेत. एकांत ओळ घ्यावयास हवी, दुसऱ्यांत टाळावयास हवी.

हा संशय फेडण्यास तिसरी प्रत लागते: दोघांनींही बदल करण्यापूर्वींची मूळ प्रत. तिच्याशीं घरची प्रत ताडली म्हणजे घरच्या माणसानें काय केलें तें दिसतें. तिच्याशीं नवी प्रत ताडली म्हणजे करणाऱ्यानें काय केलें तें दिसतें. मग दोघांचे बदल निरनिराळ्या ओळींवर असले तर ते एकत्र करणें हें यंत्राचेंही काम आहे. 'डिफ३' नांवाचा जुना कार्यक्रम तें बिनबोभाट करतो. दोघांनीं एकाच ओळीला हात घातला असेल तेवढ्याच जागीं तो दोन्ही पाठ खुणेसह लिहून थांबतो, आणि तेथें माणसानें डोकें चालवावयाचें असतें. जुन्या पोथ्यांचे पाठभेद पाहणाऱ्यांना ही रीत नवी वाटणार नाहीं. दोन पोथ्या हातीं असल्या तर भांडण होतें. ज्या पोथीवरून दोन्ही उतरल्या ती मिळाली म्हणजे लेखनिकाची चूक कोणती आणि मुद्दाम केलेला बदल कोणता हें उमगूं लागतें.

डेबियनमधील एक जुने कार्यकर्ते मनोज श्रीवास्तव यांनीं 'यूसीएफ' हें साधन याच हेतूनें लिहिलें. तें मूळ प्रतीचा मजकूर जपून ठेवूं शकतें आणि तशी सोय मागणाऱ्या पॅकेजांसाठीं तिन्ही प्रती जुळवून देण्याचा पर्याय प्रश्नांतच ठेवतें. वर सांगितलेल्या सांबाची फाईल डेबियनवर यूसीएफच्याच देखरेखीखालीं असते, तेव्हां अंधेरीच्या कचेरीनें तेथें घाई करण्याचें कारण नाहीं.

रेड हॅटच्या कुळांतील प्रणालींत प्रश्न विचारण्याची चालच नाहीं. तेथें पॅकेज करणारा आधींच ठरवितो. घरची प्रत राहिली तर नवी 'आरपीएमन्यू' म्हणून शेजारीं येते, आणि नवी बसली तर घरची 'आरपीएमसेव्ह' होऊन बाजूला जाते. आर्चमध्यें नव्या प्रतीला 'पॅकन्यू' म्हणतात. काम थांबत नाहीं हा याचा गुण, आणि कोणाच्या लक्षांतही येत नाहीं हा दोष.

आपोआप होणाऱ्या अपडेटविषयीं मात्र सावध करणें अवश्य आहे. डेबियन आणि उबुंटूवर 'अनअटेंडेड अपग्रेड्स' ही सोय सुरक्षिततेच्या दुरुस्त्या बसवून टाकते. एखाद्या पॅकेजानें कॉन्फिग फाईलीविषयीं प्रश्न विचारावयाचा असेल, तर उत्तर द्यावयास कोणी नाहीं हें जाणून ती तें पॅकेज तसेंच बाजूला ठेवते. हें वागणें योग्यच आहे. परंतु त्याचा परिणाम असा कीं, ज्या कार्यक्रमाच्या फाईलींत माणसानें सर्वांत अधिक लक्ष घातलें, त्याचीच दुरुस्ती महिनोन् महिने अडून बसते, आणि यंत्र आपोआप ताजें राहतें आहे अशी समजूत मात्र कायम राहते. महिन्यांतून एकदां हातानें अपडेट करून पाहण्याला दुसरा उपाय नाहीं.

अलीकडे या साऱ्या वादाला बगल देणारी एक रीत रूढ झाली आहे. करणाऱ्याच्या फाईलीला हातच लावावयाचा नाहीं. तिच्या शेजारच्या, नांवाच्या अखेरीस 'डॉट डी' असलेल्या डिरेक्टरींत आपली छोटी स्वतंत्र फाईल ठेवावयाची. मुख्य फाईल करणाऱ्याची, पुरवणी घरची. एका कागदावर दोन हस्ताक्षरें येतच नाहींत. 'सिस्टमडी'मध्यें 'सिस्टमसीटीएल एडिट' ही आज्ञा अशी पुरवणी आपणच उघडून देते. ओपनएसएसएचला ही सोय २०२० सालच्या ८.२ आवृत्तीपासून मिळाली. पण पुरवणी आणि मुख्य फाईल यांत विरोध आला तर कोणाचें चालावें, याचा नियम सर्वत्र एक नाहीं. सिस्टमडींत साधारणतः मागून वाचलेली ओळ जिंकते; ओपनएसएसएचमध्यें पहिली. म्हणूनच डेबियनच्या मुख्य एसएसएच फाईलींत पुरवण्या वाचण्याची आज्ञा आरंभींच घातलेली आहे. ती कोणीं हौसेनें तळाशीं नेली तर पुरवणी वाचली जाते, पण मुख्य फाईलींत तीच सूचना आधींच आलेली असली तर पुरवणीचें ऐकलें जात नाहीं. सिस्टमडींत एखाद्या सेवेची मुख्य आज्ञा बदलावयाची असेल, तर पुरवणींत आधीं ती सूचना रिकामी लिहून मग नवी लिहावी लागते. नाहीं तर दोन आज्ञा झाल्या म्हणून सेवा सुरूच होत नाहीं.

ही रीत चांगली आहे. नव्या यंत्रावर तिच्यावांचून दुसरी धरूं नये. तरीही ती निर्दोष समजणें भाबडेपणाचें होईल. पुरवणी लिहिली कीं प्रश्न विचारला जात नाहीं, आणि प्रश्न विचारला जात नाहीं म्हणून जुनी पुरवणी पुन्हां कोणी वाचीत नाहीं. करणाऱ्यानें मुख्य फाईलींत सुधारणा केली तरी पांच वर्षांपूर्वींची पुरवणी तिच्यावर मात करीत राहते. डीपीकेजीचा तो रात्रींचा त्रासदायक प्रश्न हा या दृष्टीनें उपकारच होता. सिस्टमडीपुरतें 'सिस्टमडी-डेल्टा' ही आज्ञा कोठें कोठें मुख्य फाईलीवर मात झालेली आहे तें दाखविते. ती अधूनमधून चालवून पाहावी.

'/इटीसी'बाहेरची गोष्ट मात्र अगदीं निराळी, आणि मराठी लिहिणाऱ्यांच्या अधिक जवळची. मराठीचें 'ॲ' हें स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्यें २००८ सालीं, ५.१ या आवृत्तींत, आलें. समजा, घाटकोपरच्या अक्षरजुळणीकारानें तें आपल्या सोयीच्या कळीवर यावें म्हणून भारतीय कळफलकांची मूळ फाईल उघडून तींत एक ओळ बदलली. ही फाईल '/यूएसआर' या डिरेक्टरींत असते, आणि तेथील सर्व कांहीं करणाऱ्याचें असें डीपीकेजी धरून चालतो. कळफलकांचें पॅकेज पुढें ताजें झालें कीं ती ओळ, न विचारतां आणि जुनी प्रतही न ठेवतां, नाहींशी होते. दुसऱ्या दिवशीं प्रत्येक 'ॲ'च्या जागीं भलतेंच अक्षर उमटूं लागतें, आणि दोष बिचाऱ्या टंकाला दिला जातो. 'वेलँड' पद्धतीनें चालणाऱ्या नव्या यंत्रांवर घरचा कळफलक '/इटीसी/एक्सकेबी' येथें किंवा स्वतःच्या घर-डिरेक्टरींत ठेवतां येतो; २०२० पासून ही वाट मोकळी झाली आहे. जुन्या 'एक्स११' पद्धतींत ती नाहीं. तेथें 'डीपीकेजी-डायव्हर्ट' या आज्ञेनें करणाऱ्याच्या फाईलीला दुसरें नांव देऊन आपली फाईल मूळ जागीं ठेवतां येते. मात्र मग करणाऱ्याच्या सुधारणा त्या दुसऱ्या नांवाखालीं सांचत राहतात, त्या स्वतः उतरवून घ्याव्या लागतात.

आतां राहिला प्रश्न आठवणीचा. उपनगरांतल्या अशा यंत्रांची घडी बहुधा एखाद्या भाच्यानें किंवा पुतण्यानें बसवून दिलेली असते, आणि दोन वर्षांनीं तो नोकरीसाठीं बंगळुरास किंवा त्याहून दूर गेलेला असतो. अपडेटचा प्रश्न समोर येतो तेव्हां मामांना एवढेंच ठाऊक असतें कीं 'त्यानें कांहींतरी केलें होतें'. काय केलें तें फरक पाहून कळेल. कां केलें तें कोण सांगणार? जोई हेस यांनीं लिहिलेलें 'एटसीकीपर' हें साधन येथें उपयोगी पडतें. तें सबंध '/इटीसी'चा इतिहास 'गिट'मध्यें ठेवतें आणि प्रत्येक अपडेटच्या आधीं व नंतर आपणहून नोंद करतें. यंत्र नवें असतांनाच तें बसविलें तर मूळ प्रतही त्या इतिहासांत सांपडते, म्हणजे तिसऱ्या प्रतीची अडचण सुटते. परंतु 'कां' हें तेंही आपणहून लिहूं शकत नाहीं. त्यासाठीं बदललेल्या ओळीच्या वरच, टीप म्हणून, तारीख आणि कारण लिहावें. मराठींत लिहिलें तरी बहुतेक कार्यक्रमांना चालतें, कारण टीपेची ओळ ते वाचीतच नाहींत.

शेवटीं दोन बारीक सूचना. एसएसएचची फाईल बदलल्यावर सेवा पुन्हां सुरू करण्यापूर्वीं 'एसएसएचडी' हा कार्यक्रम 'टी' या खुणेसह चालवून फाईल तपासून घ्यावी, आणि दूरवरून काम चाललें असेल तर पहिली जोडणी मिटण्याआधीं दुसरी लागते कीं नाहीं तें पाहावें. दुसरी सूचना सर्वाधिकार वांटून देणाऱ्या 'सुडोअर्स डॉट डी' या डिरेक्टरीविषयीं: ज्या फाईलीच्या नांवांत टिंब आहे ती तेथें वाचलीच जात नाहीं. त्यामुळें 'डीपीकेजी-ओल्ड' शेपटाच्या जुन्या प्रती तेथें निरुपद्रवी पडून राहतात, हें ठीकच. पण अपाचीच्या अनुभवानें शहाणा झालेला माणूस तेथेंही आपल्या पुरवणीला 'डॉट कॉन्फ' हें शेपूट हौसेनें लावतो, आणि मग दिलेला अधिकार कां मिळत नाहीं म्हणून तासन् तास शोधीत बसतो.